झोपेत चालणे, ओरडणे, हातपाय झाडणे : निदान नेमके कशावरून होते?

रानजाई

नमस्कार. आम्ही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून गेल्या काही महिन्यांपासून तो झोपेत उठून चालतो. रात्री दहाला झोपला की साधारण साडेअकराच्या आसपास तो अंथरुणात उठून बसतो आणि मग घरभर फिरतो. डोळे उघडे असतात, पण नजर कुणावर ठरत नाही. हाक मारली तर भलतेच काहीतरी पुटपुटतो. एका रात्री तो कपाटापाशी उभा राहून शाळेच्या शर्टाची बटणे लावत होता. वरचे बटण तो खालच्या काजात घालू पाहत होता, ते जात नव्हते, तरी त्याच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता की घाई नव्हती. पाच-सात मिनिटांनी तो आपण होऊन परत झोपतो आणि सकाळी त्याला यातले काहीही ठाऊक नसते.

आमचे घर चौदाव्या मजल्यावर आहे. मागच्या आठवड्यात त्याने मुख्य दाराची खालची कडी काढली, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. सासूबाई रोज दृष्ट काढतात आणि अंगारा लावतात. त्यांच्या मायेबद्दल माझी काहीच तक्रार नाही, परंतु तेवढ्यावर थांबण्याची माझी तयारी नाही. एका डॉक्टरांनी 'वाढत्या वयात जाईल' असे सांगितले, दुसऱ्यांनी थेट मेंदूचा आलेख काढायला लिहून दिले आणि एका नातेवाइकांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्याचा सल्ला दिला. हे झोपेत चालणेच आहे की आणखी काही, हे कसे ठरवतात? तपासणीची सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाचपाखाडीकर

ताई, निदानाबद्दल डॉक्टर मंडळी सांगतीलच, पण आज रात्रीची व्यवस्था आजच करावी. मुख्य दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर वरची कडी लावून घ्या आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराला कुलूप असू द्या. खिडक्यांना जाळी नसेल तर ती बसवेपर्यंत खिडकीखालचे स्टूल, खुर्ची, पलंग हलवा. त्याच्या खोलीच्या दाराला घुंगरांची माळ अडकवली, तर दार हलताच तुम्हाला जाग येईल. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी हाच त्रास होता, तेव्हा आईने हाच उपाय केला होता. पुढे वयात आल्यावर त्याचे चालणे थांबले.

डॉक्टर_नौपाडा

मी ठाण्यात मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि झोपेचे विकार हा माझ्या आस्थेचा विषय आहे. इथे लिहिलेले प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही, परंतु आमच्या डोक्यात निदानाचा विचार कसा चालतो, हे सांगता येईल.

आपली रात्र एकसारखी नसते. झोपेची आवर्तने साधारण नव्वद मिनिटांची असतात आणि प्रत्येक आवर्तनात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची, म्हणजे 'रेम' झोप येते. गाढ झोपेचा बहुतांश भाग रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात उरकतो, तर रेम झोप पहाटेकडे वाढत जाते. झोपेत चालणे, रात्री किंचाळून उठणे आणि अर्धवट जागे होऊन गोंधळणे हे तिन्ही प्रकार गाढ झोपेतून होतात. मेंदूचा काही भाग जागा होतो आणि काही भाग गाढ झोपेतच राहतो. म्हणून मूल चालू शकते, कडी काढू शकते, परंतु त्याला भान नसते आणि त्याची आठवणही उरत नाही. हे प्रकार स्वप्नातून उद्भवत नसून अपुऱ्या जागृतीचे आहेत, ही मांडणी रॉजर ब्रॉटन यांनी 1968 मध्ये केली आणि आजचे निदान तिच्यावरच उभे आहे.

म्हणून आमचा पहिला प्रश्न 'काय करतो?' हा नसतो, तर 'झोपल्यापासून किती वेळाने करतो?' हा असतो. दहाला झोपून साडेअकराला उठणारे मूल आणि पहाटे चारला उठणारे मूल वरवर सारखे वागत असले, तरी त्यांच्याबाबत आमचा विचार निराळ्या दिशेने जातो. त्यानंतर प्रसंग किती मिनिटे चालतो, दर वेळी हालचाल तंतोतंत तीच असते की बदलते, एका रात्रीत किती वेळा होतो आणि सकाळी काय आठवते, हे विचारतो. दुःस्वप्न पडलेले मूल पूर्ण जागे होते, आईला बिलगते, स्वप्न सांगते आणि पुन्हा झोपायला घाबरते. झोपेत किंचाळणारे मूल डोळे उघडे ठेवून ओरडते, घामाने भिजते, त्याची छाती धडधडते, पण जवळ घेतले तर ते ढकलून देते आणि सकाळी हसत उठते. पालकांच्या काळजाचे पाणी या दुसऱ्या प्रकारात होते, मुलाला मात्र त्याची खबरही नसते.

घराण्यात कुणाला हा त्रास होता का, हेही आम्ही आवर्जून विचारतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांपैकी कुणालाच हा इतिहास नव्हता, अशा मुलांमध्ये झोपेत चालण्याचे प्रमाण सुमारे 22 टक्के होते. एका पालकाला होता तिथे ते 47 टक्के आणि दोघांनाही होता तिथे 61 टक्के आढळले. यावरून दोन गोष्टी कळतात. हा विकार रक्तातून येतो, आणि मुलांमध्ये तो मुळीच दुर्मीळ नाही.

परंतु ताई, केवळ 'झोपेत चालतो' एवढ्यावर निदान पूर्ण होत नाही. गाढ झोप मध्येच कशामुळे मोडते, हे शोधणे हा त्याचा महत्त्वाचा अर्धा भाग आहे. ताप, अपुरी झोप, भरलेले मूत्राशय, काही औषधे, रात्री पायांत होणारी अस्वस्थता आणि घोरण्यासोबत अडणारा श्वास ही त्याची नेहमीची कारणे आहेत. तुमचा मुलगा घोरतो का? तोंड उघडे ठेवून झोपतो का?

रानजाई

डॉक्टर, मनापासून आभार. होय, तो घोरतो, आणि त्याला सतत सर्दी असते म्हणून आम्ही ते फारसे मनावर घेतले नव्हते. तोंड उघडेच असते, उशी ओली होते. कधी घोरणे मध्येच थांबते आणि मग जोरात श्वास घेतल्याचा आवाज येतो. त्याचे बाबाही लहानपणी साताऱ्याच्या घरी झोपेत अंगणापर्यंत जात, असे सासूबाई आता सांगतात. शाळा सकाळची असल्याने त्याला पावणेसहाला उठवावे लागते आणि शिकवणी संपून जेवणखाण होईपर्यंत झोपायला दहा वाजतात.

डॉक्टर_नौपाडा

तुम्ही लिहिलेली घोरणे थांबण्याची खूण फार मोलाची आहे. मुलांमध्ये टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढली, की झोपेत श्वासाची वाट अरुंद होते आणि श्वास अडला की मेंदू गाढ झोपेतून ढकलल्यासारखा वर येतो. ज्या मुलाच्या प्रकृतीतच झोपेत चालणे आहे, ते अशा वेळी उठून चालू लागते. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तियां गिय्यमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये असे दाखवून दिले, की अशा मुलांच्या श्वासाच्या अडथळ्यावर शस्त्रक्रिया केल्यावर त्यांचे झोपेत चालणे आणि किंचाळणेही थांबले. म्हणून तुमची सुरुवात बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ यांच्यापासून व्हावी, आणि त्यांच्या सल्ल्याने रात्रभराची झोपेची तपासणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सोबत रक्तातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची चाचणीही विचारून घ्या, कारण लोह कमी असले तर पायांची अस्वस्थता वाढते.

झोपेची वेळही पाहा. रात्री दहा ते पावणेसहा म्हणजे पावणेआठ तास झाले, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तासांची झोप लागते. झोप अपुरी राहिली, की पुढच्या रात्री गाढ झोप अधिक खोल होते आणि चालण्याचे प्रसंग वाढतात. शिकवणीची वेळ बदलता आली तर अवश्य बदला.

मावशी_कळवा

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे, कारण सगळेच प्रसंग झोपेत चालण्याचे नसतात. माझ्या बहिणीची मुलगी रात्री एकाएकी उठून बसायची, मान एका बाजूला वळायची, एक हात ताठ व्हायचा आणि पाय सायकल चालवल्यासारखे हलायचे. अर्ध्या मिनिटात सगळे शांत व्हायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच, एका रात्रीत कितीतरी वेळा. आधी बाहेरची बाधा म्हणून गंडेदोरे झाले. मग 'भीती बसली आहे' म्हणून औषधे झाली. दिवसा काढलेला मेंदूचा आलेख व्यवस्थित आला, तेव्हा सगळ्यांनी फिट येण्याची शंकाच सोडून दिली. शेवटी भाच्याने मोबाइलवर दोन-तीन प्रसंगांचे चित्रण केले. मेंदूविकारतज्ज्ञांनी ते एकापुढे एक लावून पाहिले आणि म्हणाले, की प्रत्येक वेळी मान त्याच बाजूला वळते आहे आणि तोच हात ताठ होतो आहे, म्हणून ही अपस्माराची शंका आहे. पुढे रात्रभराच्या व्हिडिओ आलेखात तेच सिद्ध झाले. आता ती गोळ्यांवर उत्तम आहे आणि बारावीला बसते आहे.

डॉक्टर_नौपाडा

मावशी, तुमचा अनुभव प्रत्येक पालकाने वाचावा. मेंदूच्या पुढच्या भागातून उठणारे झोपेतले झटके आणि झोपेत चालणे यांची गल्लत अनुभवी डॉक्टरांचीही होऊ शकते. झटका सहसा दोन मिनिटांच्या आत संपतो, एका रात्रीत अनेकदा येतो, कुठल्याही प्रहरी येऊ शकतो आणि छापून काढल्यासारखा दर वेळी तसाच असतो. झोपेत चालणे त्याहून लांबते, एका रात्री सहसा एकदाच होते, आणि आज मूल कपाटाकडे गेले तर उद्या स्वयंपाकघराकडे जाते. हे झटके मेंदूच्या खोल घड्यांतून निघत असल्याने दिवसाचा साधा आलेख निर्दोष येणे अगदी शक्य असते, आणि त्यावरून अपस्मार नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

वाशीचा_वाचक

धाग्याशी संबंधित म्हणून विचारतो. माझे वडील सहासष्ट वर्षांचे आहेत. ते चालत नाहीत, परंतु पहाटे चारच्या सुमारास झोपेत ओरडतात, बुक्के मारतात, लाथा झाडतात. एकदा आईच्या दंडावर काळानिळा व्रण उठला. हलवून जागे केले की ते तत्काळ भानावर येतात आणि सांगतात, की कुत्री अंगावर आली होती, त्यांना हाकलत होतो. माणूस आयुष्यभर शांत स्वभावाचा आहे, त्यामुळे आई हे कुणाला सांगायलाही संकोचते. हा म्हातारपणाचा भाग समजावा का?

डॉक्टर_नौपाडा

नाही, दादा, तसे समजू नका. पहाटेची वेळ, झटकन येणारे भान आणि हालचालीशी जुळणारे स्वप्न, या तीन खुणा एका वेगळ्या विकाराकडे बोट दाखवतात. रेम झोपेत आपले स्नायू जवळजवळ लुळे पडतात आणि म्हणूनच स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात निश्चल असतो. या विकारात हा लगाम सुटतो आणि माणूस स्वप्न जगू लागतो. मिशेल जुव्हे यांनी 1960 च्या दशकात मांजरांवरील प्रयोगांत ही यंत्रणा दाखवली होती. माणसांमधील विकाराचे स्पष्ट वर्णन मिनेसोटातील कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी 1986 मध्ये केले. याला रेम झोपेतील वर्तनविकार म्हणतात आणि तो पन्नाशीनंतरच्या पुरुषांमध्ये अधिक आढळतो.

इथे रात्रीची तपासणी ऐच्छिक नाही. रेम झोपेत हनुवटीचे आणि हातापायांचे स्नायू सैल पडत नाहीत, हे यंत्रावर दिसल्याशिवाय निदान पक्के करता येत नाही, कारण तीव्र स्लीप ॲप्नियामध्येही, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या विकारातही, रुग्ण असेच हातपाय झाडू शकतो. वडिलांची वास ओळखण्याची क्षमता कमी झाली आहे का, बद्धकोष्ठता आहे का, अक्षर बारीक होत चालले आहे का, चालताना एक हात कमी हलतो का, आणि नैराश्यावरची एखादी गोळी चालू आहे का, हे पाहून ठेवा. या गोळ्यांपैकी काहींमुळेही हा त्रास सुरू होतो.

पुढची गोष्ट मी लपवणार नाही, कारण ती कळल्याने फायदाच होतो. हा विकार कोणत्याही औषधाशिवाय आपोआप उद्भवला असेल, तर तो पुष्कळदा पार्किन्सन (कंपवात) किंवा त्या कुळातील आजारांची फार आधी मिळालेली सूचना असतो. अनेक देशांतील 24 केंद्रांमधील 1280 रुग्णांच्या 2019 च्या अभ्यासात दर वर्षी साधारण 6 टक्के रुग्णांना असा आजार जडल्याचे आढळले. म्हणजे उद्याच काही होईल असे नाही, मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे नियमित जाणे आवश्यक आहे. मेलाटोनिन आणि क्लोनाझेपाम ही औषधे पुष्कळांना लागू पडतात, परंतु ती डॉक्टरांनीच ठरवावीत. तोवर आईंनी वेगळ्या अंथरुणावर झोपावे आणि वडिलांच्या पलंगाजवळ काचेची किंवा टोकदार वस्तू ठेवू नये. आईंना एवढे अवश्य सांगा, की याचा त्यांच्या स्वभावाशी किंवा मनातल्या रागाशी काहीही संबंध नाही.

खाडीकाठ

मी ऐरोलीला रात्रपाळीत काम करतो आणि सकाळी घरी येऊन झोपतो. झोप लागत नाही म्हणून एका डॉक्टरांनी झोल्पिडेम लिहून दिले. अलीकडे उठल्यावर ओट्यावर उघडी भांडी आणि अर्धवट खाल्लेली पोळी दिसते. घरात मी एकटाच असतो. मला काहीच आठवत नाही. लहानपणी असा त्रास कधीही नव्हता.

डॉक्टर_नौपाडा

ज्यांनी औषध दिले त्यांना आजच फोन करा आणि पुढची गोळी घेण्यापूर्वी त्यांच्याशी बोला. या औषधामुळे झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, खाणे, गाडी चालवणे असे प्रकार घडू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2019 मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. ज्याला असा एकही प्रसंग आला असेल त्याने हे औषध पुन्हा घेऊ नये, असे त्या इशाऱ्यात स्पष्ट म्हटले आहे. गॅसचा मुख्य कॉक बंद करून झोपा आणि दुचाकीची किल्ली हाताशी ठेवू नका. मोठेपणी प्रथमच सुरू झालेल्या अशा वर्तनात आम्ही औषधे, मद्य आणि स्लीप ॲप्निया या तिन्हींची चौकशी करतो.

तलावपाळी

तपासणीला जाण्यातला खरा अडसर अनेकदा पैशांचा नसून लाजेचा असतो, असे मला वाटते. ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या नावाने आपल्याकडे जी बोलण्याची रीत पडली आहे, तिच्यामुळे झोपेत उठणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे नेणे म्हणजे त्याच्यावर शिक्का मारणे, असा समज घराघरांत आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा कसलाच नाही, परंतु हा प्रश्न बहुधा झोपेच्या यंत्रणेचा असतो, हे घरातल्या ज्येष्ठांना शांतपणे समजावले तर तेही साथ देतात. खर्चाची अडचण असेल, तर कळव्याच्या महापालिका रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात आधी दाखवून घ्यावे आणि पुढची तपासणी कुठे होईल, हे तिथेच विचारावे.

रात्रपाळी_तंत्रज्ञ

मी झोपेच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना तारा पाहून रडू येते, म्हणून पालकांना आधीच माहिती असावी या हेतूने लिहीत आहे.

त्या दिवशी मुलाचे केस धुवावेत आणि तेल मुळीच लावू नये. तेलावर टोपणासारख्या छोट्या पट्ट्या चिकटत नाहीत आणि मध्यरात्री त्या सुटल्या, की नेमका हवा तो भाग हातचा जातो. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर आणि पायांच्या नडग्यांवर तारा लागतात. छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाशी श्वास मोजणारी बारीक नळी असते. यातले काहीही टोचत नाही. मुलाजवळ आई किंवा वडील थांबू शकतात. शेजारच्या खोलीत बसून आम्ही रात्रभर पडद्यावर मेंदूच्या लहरी आणि कॅमेऱ्यातील चित्र एकाच वेळी पाहत असतो. त्यामुळे मूल उठून बसले, तर त्या क्षणी मेंदू कोणत्या झोपेत होता आणि आधी श्वास अडला होता का, हे सेकंदासेकंदाने कळते.

नव्या जागी मूल नेमके त्या रात्री चालेलच असे नाही, म्हणून घरचे चित्रण सोबत आणा. चित्रण करताना दिवा लावू नका आणि त्याला हाका मारू नका. अंथरुणासकट सगळे शरीर दिसेल अशा ठिकाणी मोबाइल ठेवा आणि प्रसंग सुरू झाल्यापासून तो परत झोपेपर्यंत चालू ठेवा. एका वहीत झोपण्याची वेळ, प्रसंगाची वेळ, त्या दिवशी ताप किंवा प्रवास होता का, एवढे लिहिले तरी पुरे. आणखी एक विनंती मनापासून करते. ते चित्रण नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. मूल मोठे होते आणि ते त्याला कधीतरी दिसते.

रानजाई

सर्वांना कळवावे म्हणून लिहीत आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून ॲडेनॉइड बरेच वाढल्याचे सांगितले आणि झोपेची तपासणीही झाली. त्या रात्री तो चालला नाही, परंतु गाढ झोपेत श्वास अडल्यावर तो अर्धवट उठून बसल्याचे कॅमेऱ्यात दिसले. श्वास अडण्याचे प्रमाण तासाला नऊ आले आहे. मोठ्यांसाठी हे सौम्य असते असे मी वाचले होते, पण डॉक्टर म्हणाले की मुलांमध्ये एकाच्या वरचा आकडाही सामान्य मानत नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख ठरते आहे. शिकवणी आम्ही शनिवार-रविवारवर नेली आणि तो आता साडेआठला झोपतो. त्याच्या चालण्याच्या ठरलेल्या वेळेआधी त्याला हलकेच उठवण्याचा एक उपाय असतो असे कळले, तो करावा का?

डॉक्टर_नौपाडा

प्रसंग रोज जवळपास त्याच वेळी होत असेल, तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटे मुलाला हलकेच जागे करायचे, दोन शब्द बोलायचे आणि परत झोपू द्यायचे, असे दोन ते चार आठवडे करतात, आणि पुष्कळ मुलांना त्याचा उपयोग होतो. परंतु तुमच्याकडे कारण हाती लागले आहे आणि वाढवलेली झोप मोडायला नको, म्हणून सध्या तो राखून ठेवा. त्याची झोपण्याची वेळ दीड तास अलीकडे आल्याने प्रसंगाची वेळही बहुधा दहाच्या आसपास येईल, त्या सुमारास घरातले कुणीतरी जागे राहा. तो उठलाच, तर हलवू नका, ओरडू नका. खांद्याला हात लावून त्याला अंथरुणाकडे वळवा. झोपेत चालणाऱ्याला जागे केले तर जीव जातो, ही समजूत खोटी आहे, मात्र तो गोंधळून झटापट करू शकतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना झोपेच्या तपासणीचा अहवाल आधीच दाखवा. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी घोरणे आणि चालणे या दोन्हींची नोंद वहीत चालू ठेवा. घोरणे पूर्ण थांबूनही चालणे तसेच राहिले, तर ते घराण्यातून आलेले असण्याची शक्यता अधिक, आणि मग तो उपाय करून पाहू.